नव्या लेकराचा पहिला नाताळ

नाताळ हा एका बाळाच्या जन्माचा सण असल्यामुळे ज्या ख्रिस्ती कुटुंबात त्या वर्षी मूल आलेले असते त्या कुटुंबाला तो नेहमीपेक्षा अधिक जवळचा वाटतो. मूल पोटी जन्मलेले असेल तर पुढचे सगळे रूढीने ठरलेले असते: बाप्तिस्मा झालेला असतो, धर्ममातापिता नेमलेले असतात, आजीने झबले शिवून ठेवलेले असते आणि चार महिन्यांचे ते बाळ मध्यरात्रीच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधील उपासनेत, आईच्या खांद्यावर निवांत झोपून जाते. परंतु मूल दत्तक आलेले असेल, ते दोन, चार किंवा सहा वर्षांचे असेल आणि घरात येऊन त्याला जेमतेम काही आठवडे झालेले असतील, तर रूढीजवळ तयार उत्तर नसते. आईवडिलांनी कित्येक वर्षे ज्या सणाची वाट पाहिली तो सण त्यांच्या दृष्टीने आनंदाचा कळस असतो. मुलाच्या दृष्टीने मात्र तो परक्या घरातला, परक्या माणसांनी भरलेला आणि नेहमीपेक्षा जास्त गोंगाटाचा एक दिवस असू शकतो. ही तफावत मोठी आहे आणि ती ओळखण्याची जबाबदारी सर्वस्वी मोठ्यांची आहे. पहिल्या नाताळाला नवे नाते रुजावे असे वाटत असेल तर सण मुलाच्या मापाने बेतावा लागतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. आणि त्यासाठी वसई, मुंबई व एकूण महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरांचा विचार प्रामुख्याने येथे केला आहे.

पाल्य ते अपत्य

भारतातील ख्रिस्ती दांपत्यांना मूल दत्तक घेऊन कायद्याने त्याचे आईवडील होता येते, ही आज साधी वाटणारी गोष्ट फार जुनी नाही. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरताच होता. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी आणि ज्यू कुटुंबांना १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचा आधार घ्यावा लागे. या ब्रिटिशकालीन कायद्यानुसार न्यायालय दांपत्याला मुलाचे पालक नेमत असे, म्हणजे मुलाची देखभाल करण्याचा अधिकार त्यांना देत असे. परंतु त्यातून आईबाप आणि अपत्य हे नाते निर्माण होत नसे, मूल सज्ञान झाले की पालकत्व संपत असे आणि मृत्युपत्र केलेले नसेल तर त्या मुलाला घरच्या मालमत्तेत काहीही मिळत नसे. ज्या घरात वर्षानुवर्षे नाताळची गव्हाण मांडली त्या घराशी सज्ञान झाल्यावर कायद्याच्या दृष्टीने कोणताच संबंध उरत नाही, ही अवस्था अनेक पिढ्यांतील मुलांनी सोसली आहे, आणि आपल्या समाजाने तिची म्हणावी तितकी दखल घेतलेली नाही.

पोरकी मुले घरात वाढवण्याची रीत मात्र महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजात जुनी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो मुलींना आसरा दिला, आणि नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या घरातही पोरकी मुले वाढली. माया होती, अन्न होते, शिक्षण होते. कायद्याचे नाते तेवढे नव्हते.

हे नाते मिळवण्याचे प्रयत्न दीर्घकाळ अडखळत राहिले. सर्व धर्मीयांना लागू होईल असे दत्तकविधेयक १९७२ साली संसदेत मांडले गेले, पुढे १९८० साली मुस्लिम समाजाला वगळून दुसरे विधेयक आले आणि पारशी समाजातून त्याला विरोध झाला. दोन्ही विधेयके कायद्यापर्यंत पोचली नाहीत. महाराष्ट्र विधिमंडळाने १९९५ साली मंजूर केलेले स्वतंत्र विधेयकही अमलात आले नाही. अशा वेळी एका ख्रिस्ती दांपत्याच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांनी दिलेला निर्णय महत्त्वाचा ठरला. टाकून दिलेल्या किंवा पोरक्या मुलाच्या जगण्याच्या हक्कात कुटुंब आणि नाव मिळण्याचा हक्क अंतर्भूत आहे, अशी भूमिका त्यात घेतली गेली. प्रश्नाचे केंद्र दांपत्याच्या धर्माकडून मुलाच्या गरजेकडे वळवणारा हा विचार होता.

निर्णायक बदल बाल न्याय अधिनियमाने घडवला. २००० सालच्या या कायद्यात दत्तकविधानाची तरतूद आली, २००६ च्या दुरुस्तीने तिचा अर्थ स्पष्ट झाला आणि १९ फेब्रुवारी २०१४ रोजी शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येते, हे निःसंदिग्धपणे मान्य केले. आज लागू असलेला २०१५ चा अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे, आणि त्याच्या ६३ व्या कलमानुसार दत्तक आलेले मूल सर्व बाबतींत, वारसाहक्कासह, त्या दांपत्याच्या पोटी जन्मल्यासारखेच गणले जाते. वसईसारख्या भागात, जिथे वाडी, विहीर आणि घराचा वाटा हे कुटुंबातील बोलण्याचे नेहमीचे विषय असतात, तिथे या कलमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मृत्युपत्र नसले तरी या मुलाचा वाटा त्याचाच असतो.

आगमनकाळात आलेले मूल

दत्तकविधानाची नोंदणी आता 'कारा', म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण या यंत्रणेच्या संगणकीय व्यवस्थेतून होते. नोंदणीनंतर समाजकार्यकर्ती घरी येऊन गृह-अभ्यास अहवाल तयार करते. त्यात दांपत्याचे आरोग्य, उत्पन्न, मनाची तयारी आणि घरातल्या इतरांचा कल यांची पाहणी असते. त्यानंतर सुरू होणारी प्रतीक्षा अगदी लहान मुलासाठी अनेकदा तीन वर्षांच्या पुढे जाते, कारण दत्तकासाठी कायद्याने मोकळ्या झालेल्या मुलांपेक्षा वाट पाहणाऱ्या दांपत्यांची संख्या कितीतरी अधिक आहे. २०२४-२५ या वर्षात देशात एकूण ४,५१५ दत्तकविधाने झाली आणि त्यांपैकी ४,१५५ देशातल्या देशात झाली. मूल 'कायद्याने मोकळे' होणे याचा अर्थ असा की, बालकल्याण समितीने त्याच्या जन्मदात्यांचा शोध घेऊन, किंवा त्यांनी स्वतः मूल स्वाधीन केले असल्यास त्यांना फेरविचारासाठी साठ दिवस देऊन, मग ते दत्तक देण्यास हरकत नसल्याचे घोषित केलेले असते.

इतकी वर्षे संथपणे सरकलेली ही प्रक्रिया शेवटी मात्र एकदम वेग घेते. मुलाची माहिती पुढे आल्यावर ४८ तासांत निर्णय कळवायचा असतो, प्रत्यक्ष भेट आणि वैद्यकीय अहवाल पाहून स्वीकृती दिली की दहा दिवसांच्या आत मूल घरी येऊ शकते. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळपूर्व चार रविवारांच्या तयारीच्या काळाला आरंभ होताना, ज्या घरात मुलाचे छायाचित्रही नव्हते, त्या घरात नाताळच्या आदल्या आठवड्यात मूल असू शकते. या टप्प्याला दत्तकपूर्व संगोपन म्हणतात. मूल घरात असते, परंतु जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश अजून यायचा असतो. १ सप्टेंबर २०२२ पूर्वी हा आदेश न्यायालय देत असे, आता तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आहे आणि अर्ज दोन महिन्यांत निकाली काढणे अपेक्षित असते. अनेक कुटुंबांचा पहिला नाताळ नेमका या मधल्या काळात येतो. भावनेने आईबाप झालेली माणसे कायद्याने अजून संगोपनकर्तीच असतात, आणि या काळात मुलाचे छायाचित्र, त्याचे पूर्वीचे नाव, ते कोणत्या संस्थेतून आले याचा तपशील समाजमाध्यमांवर टाकणे योग्य नव्हे. बाल न्याय अधिनियमाचे ७४ वे कलम काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते. कायदा बाजूला ठेवला तरी, मोठे झाल्यावर आपली गोष्ट कोणाला सांगायची हे ठरवण्याचा अधिकार त्या मुलाचा आहे. ती गोष्ट नाताळच्या शुभेच्छांबरोबर शेकडो भ्रमणध्वनींवर वाटून टाकण्याचा कोणालाही हक्क नाही.

संस्थेतला दिवस आणि घरातला दिवस

मुलाला सण कसा दिसतो हे समजण्यासाठी ते कोठून आले हे समजून घ्यावे लागते. दत्तक संस्थेतील दिवस घड्याळावर चालतो: ठरलेल्या वेळी सगळ्यांची एकत्र आंघोळ, ठरलेल्या वेळी ओळीने जेवण, दुपारची झोप, संध्याकाळचे खेळ, आणि पाळीनुसार बदलणाऱ्या मावश्या. कपडे बहुधा सामाईक असतात, खेळणी सामाईक असतात, आणि शेजारच्या खाटेवर कायम कोणीतरी असते. चांगल्या संस्थेत मुलाला प्रेम मिळत नाही असे मुळीच नाही. अनेक मावश्या मुलांना जीव लावतात आणि मूल जाताना डोळे पुसतात. परंतु ते प्रेम वाटून घेतलेले असते आणि पाळी संपली की निघून जाणारे असते. अशा मुलाला एका संध्याकाळी वेगळ्या खोलीत, वेगळ्या वासाच्या अंथरुणावर एकटे निजवले जाते, तेव्हा मोठ्यांना जे घर मिळणे वाटते ते मुलाला ओळखीचे सर्व काही एका दिवसात गमावणे वाटू शकते.

मुलाच्या या दुःखाचा अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यापासून होत आला आहे. ब्रिटिश मनोचिकित्सक जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मातृसंगोपन तुटल्याचे परिणाम मांडले आणि पुढे 'अनुबंध' या संकल्पनेची उभारणी केली. मूल एका ठरावीक माणसाला आपला आधार मानते, भीती वाटली की त्याच्याकडे धावते आणि त्या आधारावर विसंबून जग पाहायला निघते, असा तिचा आशय आहे. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट करून हे दुःख डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आणले. रुमानियातील बुखारेस्ट येथे या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांतील १३६ मुलांपैकी निम्म्यांना संगोपन-कुटुंबांत ठेवण्यात आले, आणि कुटुंबात गेलेल्या मुलांची, विशेषतः दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची, प्रगती संस्थेतच राहिलेल्यांपेक्षा सरस असल्याचे आढळले. यावरून मोठ्या वयाचे मूल जुळत नाही असा निष्कर्ष काढणे चूक आहे. मोठ्या मुलाला वेळ अधिक लागतो, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ घ्यावा.

नाताळच्या दिवसांत एक गोष्ट नातेवाइकांना हमखास फसवते. नव्याने आलेले मूल कोणाच्याही कडेवर जाते, अनोळखी पाहुण्याच्या मांडीवर बसते, कोणालाही 'मम्मी' म्हणते, आणि घरातली मंडळी कौतुकाने म्हणतात, "किती लवकर माणसाळलं बघा!" वास्तविक हे लक्षण उलट दिशेचे असू शकते. ज्या मुलाला कोणी एक माणूस आपला म्हणून मिळालेला नाही ते प्रत्येकाकडे सारख्याच ओढीने जाते, आणि जेव्हा ते पाहुण्यांना पाहून लाजून आईच्या साडीमागे लपू लागते तेव्हा नाते धरू लागले असे समजावे. म्हणून पहिले काही महिने मुलाला भरवणे, आंघोळ घालणे, निजवणे आणि रडताना उचलून घेणे ही कामे शक्यतो आईवडिलांनीच करावीत, असा सल्ला समाजकार्यकर्त्या देतात. नाताळच्या दिवशी चाळीस माणसांच्या हातून हातात फिरणारे मूल हा या सल्ल्याचा पूर्ण भंग होय, मग त्या चाळीस जणांच्या मनात कितीही प्रेम असो.

खाण्याच्या बाबतीतही असेच आहे. काही मुले बिस्किटे उशीखाली, खिशात, कपाटाच्या मागे लपवून ठेवतात, कारण वाटणीच्या जेवणात पुढच्या वेळी मिळेलच याची त्यांना खात्री नसते. नाताळात घरोघर फराळाची ताटे फिरतात, टेबलावर केक उघडा असतो, आणि अशा वेळी मुलाने मुठी भरून घेतल्या की कोणीतरी, "हावरटासारखं नको करूस," असे म्हणून मोकळे होते. यावरचा उपाय अगदी साधा आहे: मुलाच्या हाताला येईल अशा जागी त्याच्या एकट्याचा एक डबा ठेवावा, तो कधी रिकामा होऊ देऊ नये आणि त्याबद्दल चकार शब्द काढू नये. काही आठवड्यांत मूल डब्याकडे पाहीनासे होते.

वसईच्या घरातला सण

वसईत नाताळ पाहिला म्हणजे तो मुलाला किती प्रचंड वाटत असेल याची कल्पना येते. गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, गिरीज या गावांत डिसेंबरच्या सुरुवातीपासून घरांवर कागदी तारे लटकतात, तरुण मंडळे गव्हाणीचे मोठमोठे देखावे उभारतात, नाताळगीते गाणारी पथके रात्री घरोघर येतात, आणि २४ डिसेंबरच्या रात्री चर्चच्या पटांगणात हजारोंच्या उपस्थितीत मिस्सा होते. मिस्सेनंतर घरी जेवण, मग दुसऱ्या दिवशी काका, मामा, आत्या, शेजारी, धर्मग्रामातली माणसे. त्यात कोठेतरी पांढरी दाढी आणि मुखवटा लावलेला सांताक्लॉज असतोच, आणि दोन-तीन वर्षांच्या नवख्या मुलाला चेहरा झाकलेला अनोळखी माणूस जवळ येऊन उचलू लागला तर त्याची भीती वाटणे अगदी स्वाभाविक आहे. मुंबई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांत ३१ डिसेंबरच्या रात्री सरत्या वर्षाचा 'म्हातारा' म्हणून माणसाच्या आकाराचा पुतळा जाळतात; ज्या मुलाच्या मागच्या आयुष्याबद्दल घरच्यांना पूर्ण माहिती नाही त्या मुलाला तो दाखवू नये.

या सगळ्याचा अर्थ सण करूच नये असा मुळीच नाही. मूल एकदा घराच्या रीतीत सामील झाले की त्या रीतीच त्याला घरचे करतात, आणि ज्या गोष्टी हळू, बसून आणि पुन्हा पुन्हा करायच्या असतात त्या मुलाला सर्वाधिक मानवतात. नाताळच्या फराळातील कुलकुलांचेच पाहावे. मैदा, थोडा रवा, अंडे आणि नारळाचे दूध घालून मळलेल्या पिठाची बोटाच्या पेराएवढी गोळी काट्याच्या मागच्या बाजूवर दाबायची, अंगठ्याने पुढे ढकलायची आणि तिची रेघारेघांची शिंपली झाली की ताटात सोडायची, इतकेच ते काम. घरातल्या बायका जमिनीवर गोल करून बसतात, गप्पा चालतात, तळणीच्या कढईपासून मूल दूर असते, त्याच्या हातात एक काटा आणि पिठाची स्वतःची गोळी असते. कोणी त्याला गाणे म्हणून दाखव म्हणत नाही, कोणी नाव विचारत नाही, आई खांद्याला खांदा लागून बसलेली असते, आणि त्याची वेडीवाकडी शिंपलीसुद्धा बाकीच्यांबरोबर तळली जाते. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या ताटात ती ओळखून मूल बोट दाखवते. पहिल्या नाताळातून मुलाच्या हाती लागावे असे याहून मोलाचे फारसे काही नसते, आणि ते कोणत्याही दुकानातल्या भेटवस्तूने मिळत नाही.

भेटवस्तूंच्या बाबतीत संयम पाळावा. सामाईक खेळण्यांत वाढलेल्या मुलापुढे वीस रंगीत पुडकी एकदम आली की ते भांबावते, फेकाफेक करते किंवा रडू लागते, आणि देणाऱ्यांची मने दुखावतात. एक-दोन वस्तू त्या दिवशी द्याव्यात, बाकीच्या कपाटात ठेवून सावकाश काढाव्यात. संस्थेतून आलेला मुलाचा जुना सदरा, चादर किंवा मोडके खेळणे मात्र फेकू नये आणि पहिले काही दिवस ती चादर धुऊही नये, कारण तिचा वास हीच त्याची एकमेव ओळखीची चीज असते. नव्या कपड्यांच्या हौसेत हे सहज विसरले जाते.

भाषेचा प्रश्नही विचारात घ्यावा. 'कारा'च्या व्यवस्थेत मूल दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा परराज्यातून येऊ शकते; त्यामुळे वसईच्या सामवेदी ख्रिस्ती घरात, जिथे आपसात कादोडी ही बोली बोलली जाते आणि चर्चमध्ये मराठी, तिथे तेलुगू किंवा ओडिया ऐकत वाढलेले मूल असू शकते. पाणी, शू, दुखते, झोप, भीती वाटते, इतके पाचसहा शब्द संस्थेतल्या मावशीकडून मुलाच्या भाषेत लिहून घ्यावेत आणि घरातल्या प्रत्येकाने पाठ करावेत. नाताळगीत नंतर शिकवता येते.

मध्यरात्रीच्या मिस्सेबद्दल अनेक आईवडिलांना अपराधी वाटते. परंतु चर्चच्या शिकवणीनुसार लहान मुलांचे संगोपन हे मिस्सेला न जाण्याचे ग्राह्य कारण आहे, आणि २५ तारखेच्या सकाळची छोटी मिस्सा तितकीच पूर्ण असते. मुलाला दुपारी गर्दी नसताना चर्चमध्ये नेऊन गव्हाण दाखवावी, बाळाला, मेंढरांना हात लावू द्यावा, आणि रात्री त्याची झोपेची वेळ मोडू नये.

मोठ्या मुलाच्या बाबतीत स्मरणाचा भाग अधिक नाजूक असतो. पाच वर्षांवरील मुलाची दत्तकविधानाला संमती घ्यावी लागते, म्हणजेच कायदाही मानतो की त्या मुलाला स्वतःचे मन आहे. त्याला संस्थेतला नाताळ आठवत असेल, तिथे देणगीदारांनी वाटलेला केक, रांगेत उभे राहून म्हटलेले गाणे, आणि मागे राहिलेला मित्र आठवत असेल. नव्या घरातल्या आनंदात ते अचानक गप्प झाले तर त्याला खुलवण्याची घाई करू नये; मित्राचे नाव घेऊन, "त्याची आठवण येते का?" असे विचारणे पुरेसे असते. काही कुटुंबे मुलाच्या पूर्वायुष्याची चित्रे, संस्थेचे छायाचित्र, मावश्यांची नावे यांची वही करून ठेवतात. ती सणाच्या दिवसांतही मुलाच्या हाताशी असावी.

गव्हाणीतला योसेफ

नाताळच्या गव्हाणीत बाळ आणि मरिया मध्यभागी असतात, मेंढपाळ पुढे असतात, आणि योसेफ बहुधा कडेला, काठी टेकून उभा असतो. प्रवचनांतही त्याला अशीच कडेची जागा मिळते, आणि ज्या घरात दत्तक मूल आले आहे त्या घराच्या दृष्टीने ही मोठीच उणीव आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय अब्राहामापासून दावीदामार्गे वंशावळ देत येतो आणि ती थेट योसेफापाशी येऊन थांबते. त्यानंतर लगेच सांगितले जाते की बाळ योसेफापासून झालेले नाही, आणि तरीही बाळाचे नाव ठेवण्याचे काम योसेफाला सोपवले जाते. त्या काळच्या यहुदी समाजात नाव ठेवणे म्हणजे पितृत्व स्वीकारणे होते. येशू दावीदाच्या वंशात गणला जातो तो या स्वीकाराच्या आधारावर, आणि लूकच्या कथेत हे कुटुंब बेथलेहेमला जाते तेही योसेफ दावीदाच्या घराण्यातला असल्यामुळे. ज्या समाजात आजही "रक्ताचं ते रक्ताचं" असे बोलले जाते त्या समाजाच्या सर्वांत मोठ्या सणाच्या मुळाशी स्वीकारातून झालेला बाप उभा आहे, ही गोष्ट प्रत्येक धर्मग्रामाने नाताळच्या आठवड्यात मोठ्याने सांगावी. पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८७० रोजी योसेफाला वैश्विक ख्रिस्तसभेचा आश्रयदाता घोषित केले, आणि त्या घटनेच्या दीडशेव्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी योसेफाच्या पितृत्वावर स्वतंत्र पत्र लिहिले. चर्चचा कायदाही याबाबत स्पष्ट आहे: नागरी कायद्याने दत्तक घेतलेले मूल दत्तक घेणाऱ्यांचे अपत्य मानले जाते आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्यांची नावे आईवडील म्हणून लिहिली जातात.

बाप्तिस्म्याची घाई मात्र करू नये. दत्तक आदेश हाती येईपर्यंत थांबणे हे कायद्याच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे, आणि सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाच्या बाबतीत चर्चचा कायदा त्याची स्वतःची इच्छा आणि तयारी आवश्यक मानतो. नाताळच्या मुहूर्तावर नाव, वेष आणि धर्म एकदम बदलून टाकलेल्या मुलाला आपण कोण होतो हे सांगणारे काहीच हाताशी उरत नाही. जुने नाव निदान मधले नाव म्हणून राखावे.

याच संदर्भात एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दत्तक घेणे म्हणजे पोरक्या मुलावर केलेला उपकार, पुण्याचे काम, अशी भाषा चर्चच्या आवारातही ऐकू येते, आणि सणाच्या दिवशी तिला ऊत येतो. "नशीब काढलं पोरानं," हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण ते ऐकत वाढणाऱ्या मुलाला आयुष्यभर आभारी राहण्याची शिक्षा होते. पोटच्या मुलाला कोणी असे म्हणत नाही. आईवडिलांनी मूल हवे म्हणून घेतले, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतले, आणि ज्याला नशीब म्हणायचे ते दोन्ही बाजूंचे आहे, हे ठामपणे त्याच वेळी, मुलाच्या देखत सांगणे हे आईवडिलांचे काम आहे. तसेच, "कुठून आणलं?", "खरे आईबाप कोण?" असले प्रश्न मुलासमोर विचारले जाऊ नयेत म्हणून आजी-आजोबांनी नातलगांना आधीच फोन करून सांगावे. घरातल्या ज्येष्ठांचा शब्द तिथे जितका चालतो तितका नव्या आईबापांचा चालत नाही.

सणाला दिवस पुष्कळ आहेत

चर्चच्या पंचांगाप्रमाणे नाताळ एका रात्रीत संपत नाही. २५ डिसेंबरपासून आठ दिवस तो पाळला जातो, त्यातच पवित्र कुटुंबाचा सण येतो, आणि ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत तारे उतरवले जात नाहीत. ही लांबी नव्या मुलाच्या घराला फार उपयोगाची आहे. २५ तारखेला फक्त घरातली माणसे, दोन दिवसांनी आजी-आजोबा, वर्षअखेरीस एखादा काका, आणि बाकीची मंडळी जानेवारीत, तीही तासाभरासाठी आणि एका वेळी एकच कुटुंब, असे बेत ठरवता येतात. दत्तकविधानानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी समाजकार्यकर्ती भेटीला येते. सणानंतरच्या भेटीत तिला झोप, जेवण, भीती यांबद्दल जे घडले ते मोकळेपणाने सांगावे; ती परीक्षा घ्यायला आलेली नसते.

शेवटी एक विनंती नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना. तुमच्या ओळखीच्या एखाद्या घरात यंदा मूल दत्तक आले असेल, तर २५ डिसेंबरला फराळाचा डबा दारात देऊन परत फिरा आणि भेटीला तीन राजांच्या सणानंतर, आधी फोन करून जा. गेल्यावर मुलाला उचलून घेऊ नका. ते स्वतः जवळ येईपर्यंत आईवडिलांशीच बोलत बसा.